उपटल्यावर कळतं: ड्रायव्हर लिहिण्याच्या चौकटींचं परीक्षण

ड्रायव्हरसाठी (डिव्हाइस चालवणाऱ्या कोडसाठी) चौकट, म्हणजे तो ज्या तयार रचनेत लिहायचा ती, निवडताना पहिला प्रश्न हमखास वेगाचा येतो. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत लिहायचं की बाहेर, एका इंटरप्टला (डिव्हाइसने सीपीयूला मारलेल्या हाकेला) किती मायक्रोसेकंद, डेटाची कॉपी किती वेळा. प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा. रजिस्टर (चिपमधला नियंत्रणाचा कप्पा) लिहिणं, बफर भरणं, इंटरप्टची पोच देणं ही कामं डेटाशीट हाताशी असली की कुठल्याही चौकटीत जमतात. घाम फुटतो तो तीन ठिकाणी: सुरुवात अर्ध्यावर फसते तेव्हा, डिव्हाइस वापरात असतानाच निघून जातं तेव्हा, आणि मशीन झोपून उठतं तेव्हा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्स आणि ओपनबीएसडीचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण बाकी कर्नलपेक्षा तीन ते सात पटींपर्यंत जास्त निघालं होतं. आपल्या पाहण्यात, त्यातल्या चिवट चुका याच तीन ठिकाणी दबा धरून बसलेल्या असतात. म्हणून इथे प्रत्येक चौकटीला एकच कसोटी लावली आहे: अडचणीच्या वेळी ती किती भार स्वतः उचलते आणि किती तुमच्या गळ्यात मारते.

लिनक्स, कर्नलच्या आत

आजची रचना २.६ पासूनची आहे. बस (डिव्हाइस जोडणारी वाट), डिव्हाइस आणि ड्रायव्हर हे तिघे वेगळे. जुळवाजुळव बस करते. पीसीआयवर व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी, एसओसीवर (एकाच चिपमधल्या संगणकावर) डिव्हाइस ट्रीमधली (हार्डवेअरच्या वर्णनातली) 'कम्पॅटिबल' ओळ. जुळलं की ड्रायव्हरचं 'प्रोब' बोलावलं जातं. प्रोबमध्ये साधारण पाच-सहा गोष्टी मिळवायच्या असतात: रेग्युलेटर (वीजपुरवठा), क्लॉक (चिपचा ठोका), रीसेट, रजिस्टरांचा पत्ता, इंटरप्ट आणि शेवटी उपप्रणालीत (त्या जातीची डिव्हाइसं सांभाळणाऱ्या कर्नलच्या विभागात) नोंदणी. चौथ्या पायरीवर फसलं तर आधीच्या तीन उलट्या क्रमाने सोडायच्या. जुन्या ड्रायव्हरमध्ये यासाठी फंक्शनच्या तळाशी 'गोटू'ची (लेबलावर उडी मारणाऱ्या आज्ञांची) उतरंड असायची, आणि मध्ये एक नवी पायरी घातली की एखादं लेबल हमखास चुकायचं.

२००७ मध्ये, २.६.२१ पासून, 'डेव्हएम' आलं. रिसोर्स डिव्हाइसच्या नावावर नोंदवायचं. प्रोब फसलं किंवा ड्रायव्हर सुटला की कर्नल ते उलट्या क्रमाने आपोआप सोडतो. नव्या ड्रायव्हरमध्ये उतरंड जवळजवळ नाहीशी झाली. त्याला जोड म्हणून ३.४ मधलं 'प्रोब डिफर': रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून लोड झालेला नसेल तर तुमचं प्रोब उणे ५१७ हा एरर कोड परत करतं आणि कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. अशा वेळी लॉगमध्ये एररचा पाऊस पाडू नये म्हणून 'डेव्ह-एर-प्रोब' वापरावं. डिव्हाइस का अडकलं त्याचं कारण मग डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींमधल्या) 'डिव्हायसेस डिफर्ड' फाइलमध्ये दिसतं. बोर्ड पहिल्यांदा उठवताना ही फाइल सगळ्यात आधी उघडावी.

इथवर गुण पूर्ण. सुरुवात फसण्याच्या कसोटीवर लिनक्सएवढी चांगली सोय दुसरीकडे क्वचित आहे.

निघून जाण्याच्या कसोटीवर मात्र हेच डेव्हएम अंगावर येतं. क्रम असा आहे: आधी तुमचं 'रिमूव्ह' चालतं, ते परतल्यावर डेव्हएमची सोडवणूक सुरू होते. समजा क्लॉक हाताने चालू केलं आहे आणि इंटरप्ट डेव्हएमने मागितला आहे. रिमूव्हमध्ये तुम्ही क्लॉक बंद करता. इंटरप्ट हँडलर अजून नोंदलेलाच आहे. तेवढ्यात इंटरप्ट आला, तर हँडलर क्लॉक नसलेल्या ब्लॉकचं स्टेटस रजिस्टर वाचायला जातो, आणि बऱ्याच एसओसींवर त्याचा परिणाम म्हणजे बस अडकणं किंवा थेट एक्स्टर्नल अबॉर्ट (बसकडून आलेली घातक एरर). आपलं डिव्हाइस गप्प आहे म्हणून आपण सुरक्षित, असंही नाही. इंटरप्ट लाइन सामायिक असेल तर शेजारच्या डिव्हाइसच्या इंटरप्टलाही तुमचा हँडलर बोलावला जातो.

इलाज दोन. एक तर सगळंच डेव्हएममध्ये: क्लॉकसाठी 'डेव्हएम-क्लॉक-गेट-एनेबल्ड', वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) किंवा टायमर थांबवण्यासाठी 'डेव्हएम-ॲड-ॲक्शन-ऑर-रीसेट', आणि इंटरप्ट सगळ्यात शेवटी मागायचा, म्हणजे तो सगळ्यात आधी सुटेल. नाहीतर दुसरा नियम: हाताने घेतलेलं पहिलं रिसोर्स आलं की त्यापुढे एकही डेव्हएम नको. या दोन्हींची खिचडी हीच खरी चूक, आणि पॅच तपासताना ती पटकन नजरेत भरत नाही, कारण प्रत्येक ओळ सुटी पाहिली तर बरोबर असते.

दुसरा सापळा उघड्या फाइलचा. ड्रायव्हरने स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्रॅमने उघडायची डिव्हाइसची फाइल) काढलं आहे, त्याच्या खाजगी माहितीची मेमरी 'डेव्हएम-केझॅलॉक'ने घेतली आहे. एका प्रोसेसने फाइल उघडून ठेवली आहे आणि कुणीतरी यूएसबी उपटलं. डेव्हएमने मेमरी परत केली. प्रोसेसचा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) मात्र जिवंत. पुढचं 'रीड' मोकळ्या झालेल्या मेमरीत जातं. इथे गंमत अशी, की 'आरएममॉड'ने (ड्रायव्हरचं मॉड्यूल काढणाऱ्या कमांडने) चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. ड्रायव्हरने मॉड्यूलची मालकी नीट नोंदवली असेल तर फाइल उघडी असताना मॉड्यूल निघायला नकार देतं. पण सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग फाइलींमधून) केलेलं 'अनबाइंड' (डिव्हाइसपासून ड्रायव्हर सोडवणं) कुणालाच विचारत नाही, आणि यूएसबीची वायर तर नाहीच नाही.

नीट मांडणी अशी: खाजगी रचनेत 'स्ट्रक्ट डिव्हाइस' बसवायचं, मेमरी साध्या केझॅलॉकने घ्यायची, 'सीडेव्ह-डिव्हाइस-ॲड'ने दोन्ही एकत्र नोंदवायचं आणि मेमरी फक्त 'रिलीज'मध्ये, शेवटचा संदर्भ सुटल्यावर सोडायची. रिमूव्हमध्ये लॉक घेऊन 'डिव्हाइस गेलं' अशी खूण करायची आणि वाट पाहत बसलेल्या वाचकांना जागं करून 'ईनोडेव्ह' ('असं डिव्हाइस नाही' ही एरर) द्यायचं. प्रत्येक फाइल ऑपरेशनच्या सुरुवातीला ती खूण त्याच लॉकखाली तपासायची. हे सगळं लिहायचा कंटाळा येत असेल तर तो योग्यच आहे: स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाइस काढूच नका. सेन्सर असेल तर आयआयओ, बटणं असतील तर इनपुट, अशा तयार उपप्रणालीत नोंदणी करा. ही भानगड तिथे बरीचशी आधीच निस्तरलेली असते.

तिसरी गोष्ट हार्डवेअरची. पीसीआय एक्सप्रेसवरून निघून गेलेलं डिव्हाइस वाचलं की साधारणपणे सगळे बिट एक येतात. आता स्टेटसमधला 'बिझी' बिट शून्य होईपर्यंत फिरणारं साधं लूप आठवा. तो बिट कधीच शून्य होणार नाही. एक सीपीयू तिथेच अडकला. प्रत्येक वाट पाहण्याला मुदत हवी ('रीडएल-पोल-टाइमआउट' त्यासाठीच आहे), आणि वाचलेली किंमत सगळी एकांची असेल तर डिव्हाइस गेलं असं समजून बाहेर पडायला हवं. याच बसवर लिहिणं 'पोस्टेड' असतं, म्हणजे इंटरप्ट बंद करणारं राइट सीपीयूच्या दृष्टीने झालेलं असलं तरी डिव्हाइसपर्यंत पोचलेलं नसेल. इंटरप्ट सोडण्याआधी तेच रजिस्टर एकदा वाचून घ्यावं. ते वाचणं पूर्ण झालं की आधीचं लिहिणं डिव्हाइसपर्यंत पोचलेलं असतं.

झोप-जागरणात लिनक्सची बाजू बसप्रमाणे बदलते. आयटूसी किंवा एसपीआय या लहान चिपांच्या बसवरची चिप असेल तर 'रेगमॅप' (रजिस्टरांच्या किमतींची कॅश ठेवणारी सोय, ३.१ पासून) निम्मं काम करतो: झोपताना कॅश-ओन्ली चालू करून कॅश 'डर्टी' ठरवायची, उठताना वीज द्यायची, कॅश-ओन्ली बंद करायचं आणि 'रेगकॅश-सिंक' बोलवायचं. वीज जाऊन पुसलेली रजिस्टरं पुन्हा भरली जातात. अट एकच, आपोआप बदलणारी रजिस्टरं 'व्होलाटाइल' म्हणून जाहीर केलेली हवीत. विसरलात तर स्टेटस चिपमधून न येता कॅशमधून येतं, जुनं. पोलिंग चालू, व्हॅल्यू तीच, आणि दोष चिपवर. अशा चिपांचा इंटरप्ट थ्रेडमध्येच हाताळावा लागतो, कारण आयटूसीचा व्यवहार झोपू शकतो, म्हणजे वाट पाहत थांबू शकतो. प्राथमिक हँडलर दिला नसेल तर 'वनशॉट' झेंडा (थ्रेड संपेपर्यंत लाइन बंद ठेवणारा) सहसा द्यावाच लागतो; न दिल्यास कर्नल विनंतीच नाकारतो. ही अट जाचक वाटते, पण तिच्याशिवाय लेव्हल इंटरप्ट (दखल घेईपर्यंत चालूच राहणारा) थ्रेड चालायच्या आत पुन्हा पुन्हा उठला असता. आणि सामायिक लाइनवर हँडलरने आपला इंटरप्ट नसेल तर 'आयआरक्यू-नन' खरेपणाने परत करावं. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० कुणीच स्वीकारले नाहीत की कर्नल 'नोबडी केअर्ड' म्हणत पूर्ण लाइन बंद करतो. सगळ्यालाच 'हँडल्ड' म्हणणारा ड्रायव्हर हे संरक्षण मोडून टाकतो.

उणी बाजू ठाऊक आहेच: कर्नलच्या आतला एपीआय (ड्रायव्हरला मिळणारी फंक्शनं) स्थिर नाही, आणि तो तसा ठेवणं हे उघड धोरण आहे. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं 'रिमूव्ह' पूर्वी पूर्णांक परत करायचं, ६.११ पासून ते काहीच परत करत नाही. मुख्य झाडाबाहेर (लिनक्सच्या अधिकृत कोडबाहेर) ठेवलेले, जुनंच रिमूव्ह असलेले ड्रायव्हर त्या दिवशी कंपाइल व्हायचे थांबले. तरी बदल मात्र शहाणपणाचा आहे. रिमूव्हने एरर दिली तरी कर्नल डिव्हाइस सोडणारच होता; अनेक ड्रायव्हर मात्र एरर देऊन अर्ध्यावरून परतत आणि मागे रिसोर्स लटकत ठेवत. डिव्हाइस निघून जायला 'नाही' म्हणता येत नाही, हे आता टाइपमध्येच लिहिलं आहे. झाडाबाहेर राहायचं असेल तर दर आवृत्तीला दुरुस्तीचा खर्च गृहीत धरा.

विंडोज: केएमडीएफ आणि यूएमडीएफ

जुन्या डब्ल्यूडीएममध्ये (विंडोजच्या आधीच्या ड्रायव्हर-रचनेत) प्लग-अँड-प्ले आणि वीज यांची अवस्था-यंत्रं प्रत्येक ड्रायव्हरने स्वतः लिहायची असत. रद्द होणारी विनंती आणि पूर्ण होणारी विनंती यांची शर्यत हा त्यातला सगळ्यात घातक भाग. नवीन कामासाठी डब्ल्यूडीएमला हात लावायचं कारण आता उरलेलं नाही. केएमडीएफने (कर्नलच्या आत चालणाऱ्या ड्रायव्हरच्या चौकटीने) ती यंत्रं चौकटीत घेतली, आणि उपटण्याच्या कसोटीवर ते आमच्या मते लिनक्सच्या पुढे आहे.

कारण क्रम चौकटीनेच ठरवलेला आहे. 'प्रिपेअर हार्डवेअर'मध्ये रजिस्टरं मॅप करा, 'डी-झीरो एंट्री'मध्ये (पूर्ण विजेवर येताना) चिप जागी करा, त्यानंतर चौकट इंटरप्ट चालू करण्याचा कॉलबॅक देते, म्हणजे तुमचं फंक्शन बोलावते. बंद होताना बरोबर उलट: आधी इंटरप्ट बंद, मग 'डी-झीरो एक्झिट', मग 'रिलीज हार्डवेअर'. क्लॉक गेल्यावर हँडलर चालण्याची वर सांगितलेली चूक इथे सहजासहजी घडतच नाही. वीज-नियंत्रित क्यू (विनंत्यांची रांग) डिव्हाइस झोपलेलं असताना विनंत्या रोखून धरते. क्यूमध्ये पडून असलेल्या विनंत्या रद्द करणं चौकट बघते. ऑब्जेक्टची पालक-मुलं अशी साखळी असते. पालक गेला की मुलं जातात, आणि संदर्भ मोजले जात असल्याने उघड्या हँडलमागे मेमरी अचानक गायब होत नाही.

पडझड होते ती क्यूमधून बाहेर काढलेल्या विनंतीवर. ती आता तुमची. मशीन झोपायला निघालं की चौकट तिची वाट बघते. तुम्ही ती पूर्णही केली नाही आणि 'आयओ स्टॉप' कॉलबॅकमध्ये दखलही घेतली नाही, तर वीज-व्यवहार लटकतो आणि शेवटी ०एक्स९एफ या कोडची निळी स्क्रीन येते. लॅपटॉप झोपवल्यावरच पडतो अशी तक्रार आली की पहिला संशय इथे घ्यावा. दुसरी नेहमीची चूक आयआरक्यूएलची (कोड चालण्याच्या अग्रक्रम-पातळीची): वाचण्या-लिहिण्याचे कॉलबॅक 'डिस्पॅच' पातळीवरही येऊ शकतात, जिथे थांबता येत नाही. चाचणीत ते बहुतेक वेळा 'पॅसिव्ह'वर येतात, म्हणून पेजेबल (डिस्कवर हलवली जाऊ शकणाऱ्या) मेमरीला हात लावणारा किंवा वाट पाहणारा कोड चालून जातो. वर दुसरा एखादा ड्रायव्हर बसला की ०एक्सडी१ची निळी स्क्रीन हजर. अशा कोडची गरज असेल तर ऑब्जेक्ट तयार करतानाच एक्झिक्युशन लेव्हल 'पॅसिव्ह' मागून घ्यावी.

यूएमडीएफ २, म्हणजे विंडोज ८.१ पासूनचं, तोच सी एपीआय यूझर-मोडमध्ये (कर्नलच्या बाहेर) देतं. ड्रायव्हर 'डब्ल्यूयूडीएफहोस्ट' प्रोसेसमध्ये चालतो. तो कोसळला तर होस्ट जातो, मशीन उभं राहतं. यूएसबी, एचआयडी (कीबोर्ड-माउससारखी डिव्हाइसं), सेन्सर यांसाठी सुरुवात इथूनच करावी आणि डीएमए (डिव्हाइसने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) किंवा इंटरप्टची तातडी आडवी आली तरच केएमडीएफकडे जावं. एपीआय जवळपास एकच असल्याने स्थलांतर सोपं आहे. सहीची कटकट धरून चला: विंडोज १० च्या १६०७ पासून नव्या कर्नल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून सही लागते आणि त्या खात्याला ईव्ही (कंपनीची कडक पडताळणी करून दिलेलं) प्रमाणपत्र.

मॅकओएसबद्दल थोडक्यात. २०१९ च्या कॅटालिनापासून ड्रायव्हरकिट आहे, ड्रायव्हर यूझर-स्पेसमध्ये 'डेक्स्ट' म्हणून चालतो, यूएसबी, सीरियल, एचआयडी, नेटवर्क आणि नंतर पीसीआयही झालं. रचना नीटनेटकी आहे. पण एन्टायटलमेंट (खास परवानगी) ॲपलकडून मागून घ्यावी लागते, आणि ॲपल सिलिकॉनवर जुनं 'केक्स्ट' (कर्नलच्या आतला ड्रायव्हर) चालवायचं तर वापरणाऱ्याला रिकव्हरीमध्ये जाऊन सुरक्षा कमी करायला सांगावं लागतं. ग्राहकाला हे सांगण्यापेक्षा डेक्स्ट लिहिणं बरं.

लिनक्स, कर्नलच्या बाहेर

यूआयओ (२.६.२३, २००७) हे अगदी साधं साधन आहे. रजिस्टरं 'एममॅप' करायची (प्रोसेसच्या मेमरीत थेट दिसतील अशी), इंटरप्टसाठी डिव्हाइस फाइलवर 'रीड' करून थांबायचं. चार बाइटांचा आकडा परत येतो, आतापर्यंतच्या इंटरप्टांची संख्या. मागच्या आकड्यापेक्षा एकाहून जास्त वाढला असेल तर मधले हुकले. जेनेरिक प्लॅटफॉर्म ड्रायव्हर प्रत्येक इंटरप्टनंतर लाइन बंद करून ठेवतो, ती पुन्हा चालू करायला फाइलमध्ये ३२ बिटांचा एक लिहावा लागतो. पहिला इंटरप्ट आला आणि नंतर स्मशानशांतता, याचं कारण बहुधा हे विसरलेलं राइट. एफपीजीएवरच्या (आतली रचना बदलता येणाऱ्या चिपवरच्या) स्वतःच्या ब्लॉकसाठी, डीएमए नसेल तर, यूआयओ छान आहे.

डीएमए आलं की मात्र यूआयओ सोडा. यूझर-स्पेस म्हणजे सुरक्षित, हा समज इथे तुटतो. आयओएमएमयू (डिव्हाइस कुठल्या मेमरीला हात लावेल ते आवरणारं हार्डवेअर) मध्ये नसेल तर डिव्हाइस कुठल्याही भौतिक पत्त्यावर लिहू शकतं, ड्रायव्हर कितीही बिचाऱ्या प्रोसेसमध्ये असो. प्रोसेस मेली आणि बस-मास्टरिंग (डिव्हाइसला असलेली डीएमएची मुभा) चालू राहिलं, तर डिव्हाइस लिहीतच राहतं, आणि ती पानं एव्हाना दुसऱ्या कुणाला दिलेली असतात. व्हीएफआयओने (३.६, २०१२) हे नीट सोडवलं: डीएमएची प्रत्येक मॅपिंग आयओएमएमयूतून, इंटरप्ट 'इव्हेंटएफडी'वर (घटनेची खबर देणाऱ्या फाइल डिस्क्रिप्टरवर), आणि प्रोसेस मेल्यावर मॅपिंग कर्नल काढून घेतो. अडतं ते दोन ठिकाणी. एक, परवानगी डिव्हाइसला नसून आयओएमएमयू गटाला आहे. एकाच गटात शेजारी नेटवर्क कार्ड असेल तर तेही यजमानाच्या ड्रायव्हरकडून सोडवावं लागतं. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवणं हा पहिला उपाय. दोन, मॅप केलेली मेमरी पिन होते (जागेवरून हलवता येत नाही) आणि 'मेमलॉक' मर्यादेत मोजली जाते. मोठा बफर मॅप करताना आलेली 'ईनोमेम' ('मेमरी नाही' ही एरर) बहुतेक वेळा रॅम संपल्याची नसते, या मर्यादेची असते.

वेगासाठी इथे येणारे डीपीडीकेचं (नेटवर्कची पॅकेट कर्नलबाहेर हाताळणाऱ्या लायब्ररीचं) नाव घेतात, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. १० गिगाबिटवर ६४ बाइटांच्या फ्रेम आल्या तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेट, म्हणजे प्रत्येकी ६७ नॅनोसेकंद. दर पॅकेटला इंटरप्ट घ्यायला एवढ्यात सवडच नाही, म्हणून एक कोर कायम पोलिंगला जुंपायचा. वाहतूक असो नसो, तो कोर शंभर टक्के. तुमच्या डिव्हाइसचा भार या जातीचा नसेल तर हा सौदा घेऊ नये.

क्यूएनएक्स आणि मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ड्रायव्हर मुळातच स्वतंत्र प्रोसेस असतात. मिनिक्स ३ मेलेला ड्रायव्हर पुन्हा उभा करतो. नेटवर्क कार्डाच्या बाबतीत हे झकास चालतं, कारण हरवलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतं. अर्धवट छापलेलं पान किंवा मध्येच तुटलेला आवाज मात्र पुन्हा उभं केल्याने भरून येत नाही; ती जबाबदारी वरच्या ॲप्लिकेशनवर पडते.

पुन्हा कर्नलच्या आत: लिनक्समधली रस्ट ही भाषा (६.१ पासून पाया, ६.८ मध्ये पहिला नेटवर्क पीएचवायचा, म्हणजे तारेशी जोडणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर) या कसोटीसाठी सगळ्यात लक्ष देण्यासारखी आहे. तिथल्या 'डेव्हरेस'मध्ये गुंडाळलेलं रिसोर्स डिव्हाइस सुटल्यावर मिळतच नाही. रजिस्टर मागितलं की उत्तर 'नाही' येतं, आणि ते उत्तर हाताळल्याशिवाय कोड कंपाइल होत नाही. वर सांगितलेली 'डिव्हाइस गेलं' ही खूण इथे विसरता येत नाही. अडचण एवढीच, की सगळ्या उपप्रणालींना अजून रस्टचे बंध (रस्टमधून त्या वापरण्याची सोय) नाहीत. आपल्या डिव्हाइसची उपप्रणाली आधी तपासा.

स्वीकारण्याआधी

ड्रायव्हर स्वतः लिहिलेला असो की चिप विक्रेत्याकडून आलेला, लिनक्सवर कर्नल तपासणीची ही स्विचं लावून बांधावा: कासान (मेमरीच्या चुका पकडणारं), लॉकडेप (लॉकांचा गुंता पकडणारं), 'डीबग-एसएचआयआरक्यू', 'डीएमए-एपीआय-डीबग' आणि 'डीबग-टेस्ट-ड्रायव्हर-रिमूव्ह'. शेवटचं स्विच प्रत्येक ड्रायव्हरला प्रोब, रिमूव्ह, पुन्हा प्रोब असं फिरवतं. नुसतं बूट केल्यावरच अनेक जण उताणे पडतात. डीबग-एसएचआयआरक्यू सामायिक इंटरप्ट सोडताना एक खोटा इंटरप्ट मुद्दाम पाठवतं, म्हणजे क्लॉकचा सापळा तिथल्या तिथे उघडा पडतो. मग 'फेलस्लॅब' चालू करून प्रोब शंभरदा करा, दर वेळी वेगळ्या ठिकाणी मेमरी नाकारली जाईल. विंडोजवर ड्रायव्हर व्हेरिफायरमध्ये 'स्टँडर्ड' आणि 'लो रिसोर्सेस' हे दोन्ही लावून डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल-एनेबल करत राहा.

त्यानंतर खरी चाचणी: एका टर्मिनलमध्ये डिव्हाइसची फाइल उघडून सतत वाचणारा प्रोग्रॅम ठेवा, दुसऱ्यात अनबाइंड आणि बाइंड लूपमध्ये चालवा. वाचणाऱ्याला 'ईनोडेव्ह' येऊन तो बाहेर पडला तर ड्रायव्हर ठीक. तो वाचत तसाच लटकला तर रिमूव्हने वाट पाहणाऱ्यांना जागं केलेलं नाही. आणि अनबाइंडची कमांडच परतली नाही तर उलट घडलं आहे: रिमूव्ह त्या वाचकाची वाट बघत बसलं आहे, ज्याला कधीच काही मिळणार नाही.